उजव्या पायाचं माप

शहरात घोडेस्वारीचे कपडे मिळणारी दुकानं तीनच, आणि मास्तर तिसऱ्यात उभे होते. अंगावर पांढरट ब्रिचेस, म्हणजे स्वारीची ती अंगाबरोबरची विजार. डावी बाजू मांडीवर कातडीसारखी बसली होती. उजवी गुडघ्याच्या वर रिकाम्या पोत्यासारखी लोंबत होती. मास्तरांनी ते कापड चिमटीत धरून पाहिलं. चिमटीत मावेना, मुठीत धरावं लागलं.

"बसतंय का, सर?" पडद्याबाहेरून विक्रेतीनं विचारलं.

"याहून लहान द्या बरं एक."

"पुरुषांच्यात दोनच आहेत, सर. एक हे, आणि दुसरं याहून मोठं. बायकांच्यात सांगाल ते माप काढून देते." तिनं भिंतीकडे हात केला, तो मास्तरांना पडद्याच्या फटीतून दिसला. छतापर्यंत विजारीच विजारी होत्या, निळ्या, करड्या, तपकिरी. पुरुषांसाठी कोपऱ्यात एक खुंटी. "आता काय सांगू तुम्हाला? दहा बायका येतात तेव्हा कुठे एक पुरुष येतो. आणि तोही म्हणतो, जीन्स चालेल की."

जीन्स चालणार नव्हती, हीच तर अडचण होती. येत्या शुक्रवारी परीक्षा होती. मास्तर शिकवत त्या घोडेस्वारीच्या शाळेच्या नव्या मालकीणबाईंनी सगळ्या शिक्षकांना सांगून टाकलं होतं, की ज्याच्याकडे नवं प्रमाणपत्र नाही त्यानं रिंगणात पाऊल ठेवायचं नाही. परीक्षेच्या कागदावर पोशाखाचा नियम ठळक अक्षरांत छापलेला होता: गडद कोट, उंच बूट आणि पायाला नीट बसणारी विजार. ढगळ कपड्यातल्या स्वाराला फाटकावरूनच परत पाठवणार, कारण पाय कसा काम करतो ते परीक्षकांना दिसलं पाहिजे.

आणि मास्तरांना नेमकं तेच कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

सव्वा वर्षापूर्वी एक घोडा अडथळ्यावर अडखळून त्यांच्यासकट कोसळला. उजव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. हाड जुळलं, पण अंथरुणात गेलेल्या महिन्यांत मांस झडून गेलं आणि ते काही परत आलं नाही. सव्वीस वर्षं ज्या माणसानं मुलांना ओरडून सांगितलं, "हात राहू दे, पायानं बोल घोड्याशी," त्याचाच एक पाय आता पुटपुटत होता. पाय असा वाळलाय हे शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. मास्तर सैल पँट घालत, जमिनीवर उभे राहून शिकवत, आणि घोड्यावर बसायचे ते सगळे घरी गेल्यावर.

तिथेही रोज तोच घोळ. पांढरपायी ही शाळेतली सगळ्यात गुणी घोडी, पण मास्तर वर बसले की दुडक्या चालीत ती तिरकी जायची, उजवीकडे वाहवत. मास्तरांचं मत ठाम होतं: दोष विजारीचा. कापडाला गुडघ्यामागे घडी पडते, घडी कातडी सोलते, सोललं की पाय आपसूक खोगिरापासून सुटतो. मापाचं कापड मिळालं की सगळं सुतासारखं सरळ होईल. हे ते स्वतःला इतक्या वेळा म्हणाले होते की त्यात शंकेला जागाच उरली नव्हती.

म्हणून त्यांनी काय काय केलं नव्हतं! शाळेतल्या घोडे सांभाळणाऱ्याची विजार मागून पाहिली, ती पोटरीवरच अडली. लाज गुंडाळून बायकांच्या मापातली एक आणली. ती उजव्या पायाला झकास बसली, डाव्या पायात गुडघ्यापुढे सरकेना, आणि कंबरेचं बटण तर काजाला लांबूनच रामराम करत होतं. शेवटी लग्नाचे सूट शिवणाऱ्या शिंप्याकडे गेले. त्यानं पँटवरूनच माप घेतलं. मास्तरांनीही उजव्या पायाला मुद्दाम पट्टी गुंडाळून नेली होती, दोन्ही पाय सारखे वाटावेत म्हणून. विजार सुरेख झाली. उभं राहिलं की एखाद्या सेनापतीसारखी दिसायची. मास्तर पांढरपायीवर बसले आणि मागची शिवण अशी टर्रकन उसवली की घोडीनंसुद्धा कान टवकारले.

त्या दिवशी मास्तर स्वतःशीच हसले होते. आज, तिसऱ्या दुकानातून रिकाम्या हातानं बाहेर पडताना, त्यांना हसू सुचेना.

घरी आल्यावर ते खोलीचं दार लावून बसले. जुनी विजार घातली आणि मांडीभोवती पट्ट्यांचे वेढे घ्यायला लागले. एक, दोन, तीन. पाचवा वेढा घेताना दार उघडलं.

बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. केसभर फरक पकडणारी नजर होती तिची. ती दारातच उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"पाय भरतोय."

"गादी आहे का ती, भरायला?"

"मग काय करू?" मास्तर एकदम ओरडले. "तूच सांग! एका अंगानं पुरुष आणि एका अंगानं पोर, अशा माणसाच्या मापाचं कोण शिवतं? शुक्रवारी मला फाटकावरून हाकलतील. मग काय, लीद भरू? ते तरी जमेल का मला?"

बायको खाली बसली आणि पट्टी उलगडायला लागली. मास्तरांनी पाय ओढून घेतला. सव्वा वर्षात त्यांनी तो पाय तिलाही उघडा दिसू दिला नव्हता. आंघोळीहून यायचे तेसुद्धा पूर्ण कपड्यांत.

"तुमचं खोगीर जो दुरुस्त करतो, त्याला विचारलंत?" तिनं विचारलं.

"तो चामड्याचा माणूस. घोड्यांचं शिवतो तो."

"माणसांचं शिवणारे तर झाले ना सगळे?"

सोमवारी मास्तर खोगीरवाल्या काकांकडे गेले. काका सत्तरीचे, एका कानानं बहिरे, बोलणं तुटक. कारखाना म्हणजे एक लांबट खोली; भिंतीला टांगलेले पट्टे, मेणाचा वास, खिडकीपाशी जाड सुईचं मशीन आणि मधोमध लाकडी घोडीवर चढवलेलं खोगीर. मास्तरांनी आडूनआडून सांगायला सुरुवात केली. काकांनी अर्धं ऐकलं, अर्धं बहुधा ऐकूच आलं नाही.

"पँट काढा आणि खोगिरावर बसा," ते म्हणाले.

"वरूनच घ्या ना माप."

"झूल घातलेल्या घोड्याची पाठ मोजत नाही मी. आणि उभ्यानं तर नाहीच. तुम्ही उभे राहून स्वारी करता का?"

मास्तरांचे हात पट्ट्यावर थांबले. इथून उठावं, निघून जावं, असं फार वाटलं. पण जायचं कुठे? चौथं दुकान नव्हतंच. त्यांनी पँट काढली, पट्टीही सोडली आणि खोगिरावर मांड टाकून बसले. खिडकीतला उजेड सरळ मांडीवर पडला होता. एवढ्या उजेडात त्यांनी स्वतःही ती पाहिली नव्हती. लांब व्रण, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काहीच नाही.

काकांनी टेप लावली. "डावी अठ्ठावन्न सेंटिमीटर." मग उजवीकडे आले. "सत्तेचाळीस." पाटीवर लिहिलं. पुन्हा मोजलं, गुडघ्याच्या वर, खाली, मागं. हूं नाही, चूं नाही. एकदाच मान वर करून विचारलं, "इथं दाबलं की कळतं?"

"थोडं."

"इथं?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. काकांनी तेही पाटीवर लिहिलं.

"बुधवारी या," ते म्हणाले. "आत शिवण ठेवत नाही. गुडघ्याला मऊ चामडं लावतो."

बुधवारी दुपारी मास्तरांनी विजार घातली. दोन पाय दोन मापांचे, पण कापडाला कुठे सुरकुती नाही, ओढ नाही. बसून पाहिलं, वाकून पाहिलं, गुडघा छातीशी नेला. काही टोचलं नाही, काही सरकलं नाही. काकांचा हात हातात घेऊन ते नुसते उभे राहिले. "जा आता, बसून बघा," काका म्हणाले. "इथं लाकडावर सगळेच बसतात."

शाळेत पोचेपर्यंत मास्तरांना धीर नव्हता. रिंगण रिकामं होतं. पांढरपायीवर खोगीर चढवलं, चढायच्या ठोकळ्यावरून वर बसले. चालीत घोडी सरळ गेली. वा! दुडकी धरली. पहिलं वळण नीट. दुसऱ्या वळणावर पांढरपायी हळूच उजवीकडे झुकली. मास्तरांनी पाय लावला. ती तशीच वाहवत कठड्याला घासून गेली.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. सहा वेळा केलं.

कापडाला घडी नव्हती. कातडी सोलली नव्हती. विजार निर्दोष होती. मास्तरांनी उजवा पाय सगळी ताकद लावून दाबला आणि खाली पाहिलं. तंग कापडात सगळं स्वच्छ दिसत होतं. पाय हललाच नव्हता.

ते उतरले, घोडी बांधली आणि ठोकळ्यावर बसले. इतके दिवस निदान एक आशा होती, भले ती कापडाची का असेना. दोष द्यायला दुकानं होती, शिंपी होता. आता कुणीच उरलं नव्हतं. तोंड हातांत घेऊन ते किती वेळ बसले कुणास ठाऊक. बायको कामावरून परस्पर तिथं आली तेव्हाही ते तसेच होते.

"छान बसलीय की," ती म्हणाली.

"विजारीचं काही नव्हतंच गं," मास्तर म्हणाले. "पाय गेलाय माझा. तो येणार नाही."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"जिना चढताना तुम्ही आधी कठडा धरता आणि मग पाय उचलता, तेव्हापासून. वर्ष झालं." ती शेजारी टेकली. "तुम्ही बोलत नव्हता, म्हणून मीही नाही बोलले. चुकलंच माझं."

मास्तर ढसाढसा रडले. तिनं थांबवलं नाही. रडं ओसरल्यावर तिनं विचारलं, "पायाचं काम दुसऱ्या कशानं होत नाही का?"

"होतं. लांब चाबूक असतो. पायाच्या जागी त्याचा नुसता स्पर्श करायचा. पण त्याला परवानगी लागते. परीक्षकांना सांगावं लागतं पाय अधू आहे म्हणून. सांगितलं की संपलं."

"आणि न सांगता काय उरलंय?"

मास्तर उठले आणि लांब चाबूक शोधायला गेले.

गुरुवार हा एकच दिवस हातात होता. सकाळपासून ते चाबूक घेऊन घोडीवर होते. पांढरपायी आधी बिचकली, एकदा उधळली, मग संध्याकाळकडे तिला समजलं. पुरतं नाही, पण समजलं.

शुक्रवारी परीक्षकबाईंसमोर टोपी काढून मास्तर उभे राहिले. मालकीणबाई शेजारीच होत्या. "उजवा पाय निम्म्यानं कामातून गेलाय," ते म्हणाले. "चाबकाची परवानगी हवी आहे." परीक्षकबाईंनी त्यांना चालायला लावलं, मागून पाहिलं, पुढून पाहिलं. त्या कापडात लपवण्यासारखं काही नव्हतं. मालकीणबाईंचा चेहरा कोरा होत गेला तो मास्तरांनी पाहिला.

"घ्या चाबूक," परीक्षकबाई म्हणाल्या. "पण गुण मी जे दिसेल त्याचेच देईन."

दुडकी झाली, वळणं झाली. एका वळणावर घोडी वाहवली आणि मास्तरांनी तिला परत आणलं. मग अडथळे आले. पहिला पार झाला. दुसऱ्यावर उडीनंतर मास्तर उजवीकडे कलले, आयाळ धरून कसेबसे वर राहिले. परीक्षकबाईंनी हात वर करून तिथंच थांबवलं.

दुपारी कागद हातात मिळाला. नवशिक्यांना शिकवण्याचं प्रमाणपत्र मंजूर. अडथळ्यांच्या उड्या शिकवण्याचं नामंजूर, आणि खाली एक ओळ: पुन्हा अर्ज करू नये.

मालकीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतंत, मास्तर," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून लहान गट तुमचे. अडथळ्यांची मुलं शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिकाबाईंकडे जातील."

ती मुलं मास्तरांनी स्वतः घडवली होती, एकेक करून, सात वर्षं. ते "बरं" म्हणाले. त्या दुसऱ्या बाई तिथंच संकोचून उभ्या होत्या. मास्तर त्यांना तबेल्यात घेऊन गेले आणि एकेका घोड्यापाशी थांबून सांगायला लागले: हा उजवीकडून आणला तर उडीला नकार देतो, हिला उडीआधी बोललेलं आवडत नाही, आणि या तपकिरीवर बसणारा मुलगा घाबरला की हसतो, ते हसणं खरं मानू नका. सांगता सांगता दोनदा त्यांचा आवाज गेला. बाई थांबल्या, दुसरीकडे पाहिलं, आणि आवाज परत आल्यावर पुढचं वहीत लिहून घेतलं.

शेवटचा घोडा झाला तेव्हा बायकोचा फोन आला.

"काय झालं?"

"अर्धं," मास्तर म्हणाले. "घरी आल्यावर सांगतो. सगळं सांगतो."

पाय भरून आला होता. ते गवताच्या गठ्ठ्यावर टेकले आणि बाईंसमोरच, काकांनी शिवलेल्या पांढऱ्या विजारीवरून, दोन्ही हातांनी तो पाय चोळायला लागले.