भुरीची साक्ष

“हे कोनाले पटनार नाही. पटलं तर माह्या मिशा भादरून टाका,” असं म्हणत लखीरामनं भुऱ्या मांजरीला मानेला धरून उचललं आणि पालथ्या घमेल्यावर बसवलं, कचेरीत साक्षीदाराला उभं करतात तसं. मांजरीनं जांभई दिली. शेपूट पायांभोवती गुंडाळून घेतली आणि नायकाच्या अंगणात जमलेल्या तांड्याकडे, यातला एकही जण आपल्या उंदराच्या लायकीचा नाही, अशा नजरेनं पाहिलं.

एरवी एवढ्यावरच अंगण हसलं असतं. आज नुसती एक म्हातारी खोकली.

तुराट्यांच्या भाऱ्याला टेकून रहमतबी बसली होती. वाशिमची बांगडीवाली. जऊळक्याला गाडीतून उतरायची आणि मेडशीपर्यंतचे तांडे पायी फिरायची. तिची बांगड्यांची पाटी मात्र तिच्यापुढं नव्हती; ती हेमसिंग नायकाच्या खाटेखाली सरकवून ठेवली होती, आणि खाटेवर खुद्द नायक बसला होता.

“नायक, सांज की गाडी चली जाएगी,” ती पुन्हा म्हणाली. “घर में बेटी जैतुन बुखार में पडी है. मैंने नही ली तुम्हारी चांदी. पाटी में देखो, मेरी ओढनी झाडके देखो.”

“पाहून झालं,” कुडाला टेकलेला सेवादास म्हणाला. हा नायकाचा पुतण्या. दिवसभर बिड्या ओढायच्या आणि दुसऱ्याच्या भांडणात पुढं व्हायचं, एवढंच त्याचं काम. “चांदी काय पाटीतच राह्यते काय वो? वाटेत कोनाले देली असंन. काल आत पानी प्याले तूच गेल्ती ना?”

“बुलाया तो गई.”

चांदी म्हणजे टोपल्यांची जोडी. लग्न झालेल्या बाईच्या कानशिलांवर केसांत गुंफलेले चांदीचे दागिने. ते वाजले की बाई दिसण्याआधी तिचं अहेवपण ऐकू येतं. नायकाच्या धाकट्या मुलाचं, मदनसिंगाचं लग्न तोंडावर आलं होतं. घरातल्याच जुन्या टोपल्या सोनाराकडून उजळून आणल्या होत्या. नायकानं सगळ्यांना सांगितलं होतं, लाल फडक्यात बांधून पेटीत ठेवल्या होत्या म्हणून. फडक्यासकट गेल्या.

फौजदाराला बोलवायचा प्रश्न नव्हता. राज्य आता मुंबईचं झालं म्हणे. पण फौजदार कुठल्याही राज्याचा असो, चोरीचं नाव काढलं की आधी तांड्यालाच रांगेत उभं करतो. तेव्हा न्याय नायकाचा. आणि नायकानं बोलून दाखवलं होतं: आज दिवस मावळायच्या आत चांदी दिसली नाही, तर उद्या प्रत्येक तांड्यावर निरोप जाईल, या बाईच्या हातात कुणी हात द्यायचा नाही. बांगडीवालीला मारायला याहून वेगळं हत्यार लागत नाही.

म्हणून लखीरामनं सकाळीच नायकाकडं येऊन सांगितलं होतं, माझ्या मांजरीनं सगळं पाहिलंय, दुपारी तिची साक्ष होऊन जाऊ दे. नायकानं कपाळाला हात लावला. पण नाही म्हणाला नाही. लखीराम त्याचा व्याही होता. आणि खरं तर भुरीची गोष्ट ऐकायला नाही म्हणणारा माणूस त्या टेकडीवर नव्हताच.

भुरीनं आजवर काय काय शोधून काढलं नव्हतं! मेडशीतला तुपाचा घडा तिनं झोपलेल्या पुरुषांच्या मिशा हुंगून शोधला होता. केनवडच्या बाजारात शिंगं रंगवून विकलेला बैल तिनं नुसत्या हंबरण्यावरून ओळखला. या कामात तिचा जोडीदार होता जमादार नावाचा काळापांढरा बोका. तो फय्याज खाटकाच्या ओट्यावर वाढलेला, त्यामुळं भुरी त्याच्याशी उर्दूत बोलायची. तांड्यात बंजाऱ्यांची गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी. आज पाहुणीला कळावं म्हणून लखीराम तिची साक्ष वऱ्हाडीत सांगणार होता.

त्याच्या गोष्टीला एक नेम होता. मांजर बोलते, हे धरूनच चालायचं. त्यावर तोंड उघडायचं नाही. बाकीच्यात कुठं लबाडी सापडली तर ‘खोटं’ म्हणायचं. लबाडी धरली की गोष्ट जिथल्या तिथं बंद, आणि धरणाऱ्याला गुळाचा खडा. लखीराम प्रत्येक गोष्टीत मुद्दाम एक भोक ठेवायचा. अवसेच्या रात्री चांदणं पाडायचा, पुसाच्या थंडीत आंबे पिकवायचा. भोक नसलं तर ऐकणाऱ्यानं बोट कुठं घालायचं, असं तो म्हणे.

आजचं भोक त्यानं सकाळपासून घोटून तयार केलं होतं.

त्यासाठी त्यानं नायकीण नानीबाईला एकटीला गाठून एवढंच विचारलं होतं, “फडक्याची गाठ कसी होती वो, नायकीणबाई?”

“गाठ?” नानीबाई म्हणाली होती. “गाठ कायची, इवाई? यायले काय मालूम, हे आपले बांधलं बांधलं करून राह्यले. म्या राती, सारे निजल्यावर, चारी बाजूनं शिवून टाकलं होतं, सुनेच्या पोतडीत तसंच ठेवाले.” मग तिचं तिलाच काही तरी उमगलं आणि ती लखीरामकडं बघत राहिली.

“आता हे कोनाले सांगजा नोको,” लखीराम म्हणाला होता.

म्हणजे ते फडकं शिवलेलं होतं, हे दोघांना माहीत. आणि तिसरं, ज्यानं ते उसवलं त्याला. तो तिसरा कोण, याबद्दल लखीरामच्या मनात फारशी शंका नव्हती. सेवादास लबाडी धरण्यात पटाईत होता आणि गुळापेक्षाही त्याला वरचढपणाची गोडी होती. जिभेवर आलेलं त्याच्यानं गिळवायचं नाही.

“तर मंडळी,” लखीरामनं घसा साफ केला, “भुरी होती कणगीमागं. उंदराच्या पाळतीवर. तवा उंबऱ्यातून दोन पाय आत आले.”

“कोनाचे?” नायकानं विचारलं.

“मांजर पाय पाह्यते, नायक. तोंड पाहून तिले काय करनं हाय? लाथ काय तोंडानं बसते?”

कोपऱ्यात दोघं-तिघं फिसकन हसले. रहमतबी हसली नाही. ती खाटेखालच्या पाटीकडं बघत होती. पलीकडं कुडाच्या सावलीत मोतीबाई ज्वारी पाखडत होती, सगळ्यांकडं पाठ करून. सुपाचा आवाज एका लयीत चालला होता. लखीरामची ही एकुलती एक लेक, नायकाची थोरली सून. लहानपणी बापाची लबाडी धरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गुळानं दात किडतील म्हणून आई ओरडायची. तिचा नवरा उदयसिंग तापानं गेला त्यानंतर तिनं एकदाही ‘खोटं’ म्हटलं नव्हतं. गोष्ट चालू असली तरी ती आपलं काम करी. ऐकते की नाही, हेही कळत नसे. रहमतबी आली की इतर बायका हात पुढं करायच्या; मोती तिला पाणी द्यायची आणि रहमतबी तिचा रिकामा हात घटकाभर हातात धरून बसायची.

“थांबा, खोटं!” सेवादास म्हणाला.

लखीराम पुढं झुकला. “बोल.”

“आतल्या दाराले कडी होती. मांजर आत गेली कशी?”

“कडी वाजवून, ‘नायकीणबाई, येऊ काय’ म्हून इचारलं तिनं!” लखीराम म्हणाला. “अबे, मांजर कौलातून येते. वर पाह्य. सरकेल हाय का नाही?”

सगळ्यांनी वर पाहिलं. एक कौल खरंच सरकलेलं होतं. सेवादासनं बिडी विझवली आणि मान खाली घातली.

“हं. तर त्या पायांच्या मालकानं पेटी उघडली. आत हात घातला. लाल फडकं काढलं.” लखीराम थांबला. त्यानं नजर सेवादासवर रोवली. “अन् गाठ सोडाले लागला. सुटते काय? नायकिणीच्या हातची गाठ ते. इकून ओढली, तिकून ओढली. नखं लावली. आखरीले दातानं सोडली.”

सेवादास मांजरीकडं पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. होतं ते फक्त गोष्ट ऐकणाऱ्याचं कुतूहल.

उन्हं तुराट्यांवरून खाली सरकली होती. रहमतबीनं दुपट्याच्या टोकानं डोळे पुसले. आता गाठ सुटली म्हटल्यावर टोपल्या बाहेर काढाव्या लागणार आणि गोष्ट पुढं गेली की हे भोक मागं राहणार. त्यानं ती गाठ पुन्हा धरली.

“लई झोंबला गाठीशी तो. भुरी मले म्हने, लखीराम, म्या जिंदगीत लई गाठी पाह्यल्या, पन ह्या फडक्याची गाठ...”

सूप थांबलं.

“खोटं.”

आवाज पाठीमागून आला होता. आणि तो ऐकताक्षणी लखीरामला जे वाटलं ते सुखच होतं. निव्वळ, जुनं सुख. त्याची पोर बोलली! त्याचा हात आपोआप बंडीच्या खिशात गेला आणि आणलेला एकुलता एक गुळाचा खडा घेऊन बाहेर आला. ओठांवर हसू येऊन पोचलं.

“गाठ नव्हतीच, बा,” मोतीबाई म्हणाली. तिनं मान वळवली नव्हती. “शिवलेलं होतं. हिरव्या दोऱ्यानं.”

“धरलं! मोतीनं बुढ्याले धरलं!” कुणीतरी ओरडलं, आणि दिवसभर कोंडलेलं हसू एकदम अंगणभर फुटलं. बायकांनी टाळ्या पिटल्या. सेवादाससुद्धा हसला, मनापासून, डोळे बारीक करून. आणि त्या हसण्यात लखीरामला दिसलं की या पोरानं काहीही घेतलेलं नाही.

हिरवा दोरा. नानीबाईनं सकाळी दोऱ्याचा रंग सांगितला नव्हता.

त्यानं नानीबाईकडं पाहिलं. ती मोतीबाईच्या पाठीकडं पाहत होती. मोतीचा एक हात सुपावरून उठून कानशिलापाशी गेला होता आणि तिथं, काही नव्हतं तिथं, बोटं थांबली होती. उदयसिंग गेल्यावर त्याच जागेवरून नानीबाईनं आपल्या हातांनी टोपल्या उकलल्या होत्या. त्याच टोपल्या. ‘घरातल्या जुन्या’ असं सगळे म्हणत होते, लखीरामही म्हणत होता, आणि त्या कुणाच्या केसांतून जुन्या झाल्या हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

पोरीच्या तोंडून निसटलं, की तिनं बोलून टाकलं? रहमतबी तिकडं बसलेली होती. मोतीनंच काल तिला पाणी प्यायला आत बोलावलं होतं. लखीरामला विचारायचं होतं, पण असल्या प्रश्नाला त्याच्या जिभेवर शब्द नव्हते. तिथं नुसत्या गोष्टी होत्या.

“शिवेल होतं?” हसू ओसरल्यावर हेमसिंग म्हणाला. “मले तं वाटलं बांधेल होतं.” त्यानं बायकोकडं पाहिलं, मग ते सोडून दिलं. “बरं ते राहू द्या. पुढं काय, इवाई? चोर कोन म्हनते तुमची भुरी?”

लखीरामनं तोंड उघडलं. साऱ्या अंगणानं वाट पाहिली. सत्तर थापा एका दमात सांगणारा माणूस. त्याला एकही आठवेना. गुळाचा खडा मुठीत चिकट झाला होता.

“बोला ना, काका!”

“लबाडी धरली,” तो कसाबसा म्हणाला. “गोष्ट बंद. नेम हाय.”

“नेम गेला चुलीत! आज तुमच्या गोष्टीवर न्याय अडून राह्यला...” नायक कडाडला.

नानीबाई उठली. नवऱ्याच्या खाटेपाशी वाकून तिनं पाटी ओढली, पदरानं वरची धूळ झाडली आणि रहमतबीपाशी नेऊन ठेवली. मग तिला दंडाला धरून उठवलं.

“जा, बाई. गाडी चुकन.”

रहमतबी पाटीला हात लावायला धजेना. ती एकदा नायकाकडं बघायची, एकदा कुडापाशी बसलेल्या मोतीकडं.

“काय करून राह्यली तू?” हेमसिंग खाटेवरून उतरला.

“हिनं नाही घेतल्या.”

“तुले काय मालूम?”

“टोपल्या घरातच हायेत.”

“घरात! साऱ्या घराची माती उकरली म्या! कोनं सांगतलं तुले?”

नानीबाईनं घमेल्याकडं पाहिलं. साक्षीदार कधीचीच पाय पोटाशी घेऊन झोपली होती.

“भुरीनं,” ती म्हणाली.

सेवादास मांडी थोपटत हसला. “हे मातर खोटं हाय, काकी! धरलं म्या! साफ धरलं!”

कुणी त्याच्याबरोबर हसलं नाही. नानीबाईनं पाटी उचलून रहमतबीच्या डोक्यावर ठेवली, नीट बसली का ते पाहिलं, आणि मगच मागं वळली.

“धरलं ना? मंग झाली गोष्ट,” ती म्हणाली. “इवाई, त्याले गूळ द्या.”