चार बोटं जास्त

मी एक जुनी, छोटी, स्वस्तातली मोटार आहे, आणि आता सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं बोलत असेन तर माझ्या चारही चाकांतली हवा आत्ताच्या आत्ता जावो. दोन चाकांतली आधीच गेलेली आहे, ती मोजू नका. आईची शपथसुद्धा घेतली असती, पण मित्रांनो, गाडीला आई कुठली? मला सासूबाई मात्र होत्या. माझ्या नव्हेत, पट्टीकाकांच्या.

पट्टीकाका म्हणजे आमच्या कारखान्यात गाड्यांचे नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन. शर्टाच्या खिशात कायम एक पोलादी पट्टी, म्हणून सगळा कारखाना त्यांना पट्टी म्हणायचा. माणूस इतका अबोल, की शिंक आली तरी आधी इकडेतिकडे बघून परवानगी घेणार.

त्या वर्षी मोठ्या साहेबांच्या डोक्यात आलं, की लहान पगाराच्या माणसाला परवडेल अशी गाडी काढायची. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "पेट्रोलच्या नुसत्या वासावर चालली पाहिजे, वजन माझ्या बायकोच्या कपाटापेक्षा कमी पाहिजे, आणि मागे दोन माणसं बसली पाहिजेत. माणसं हं, बाहुल्या नव्हेत!"

मी आधी कागदावर जन्मले. कागदावर मी फार देखणी होते. मग सुतारानं मला लाकडाची केली. चाकं नाहीत, इंजिन नाही, नुसता सांगाडा आणि आत मागेपुढे सरकणाऱ्या सीटा. मागच्या माणसाच्या पायांना किती जागा लागते ते त्यात कुणालातरी बसवून मोजायचं होतं. साहेब म्हणाले, "कारखान्यातली तरणीताठी नकोत, ती डब्यातसुद्धा मावतील. गुडघे दुखणारं कुणीतरी आणा."

असे गुडघे पट्टीकाकांच्या घरीच होते. दुसऱ्या दिवशी सासूबाई हजर झाल्या. अंगावर शाल, हातात ही एवढी कापडी पिशवी. पिशवीत थर्मास, विणकाम, औषधं, आणि लागलीच तर असावी म्हणून एक छत्री. आल्या आल्या मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "जावईबापू, ही गाडी आहे की कोंबड्यांचं खुराडं?"

सुताराच्या तोंडात खिळे होते, ते हसताना खाली सांडले. काकांनी वाकून ते वेचून दिले.

सासूबाई कण्हत कुंथत आत शिरल्या. पिशवी खाली ठेवा म्हटलं तर ऐकतील त्या सासूबाई कसल्या? पिशवी मांडीवर घेतली आणि गारठा होता म्हणून वरून शाल पांघरली. सुतारानं पुढची सीट हळूहळू मागे सरकवली. शालीला लागली तसा म्हणाला, "टेकली!" काकांनी पट्टी लावली, आकडा वहीत उतरवला.

घोळ झाला तो इथेच. शालीखाली पुढे गुडघे आहेत की पिशवी, हे बघायला हवं होतं. पण सासूबाईंची शाल उचलून 'आई, तुमचे गुडघे नक्की कुठवर आलेत?' असं विचारणारा जावई अजून जन्माला यायचाय.

तो आकडा नकाशात गेला. नकाशावरून पत्रा दाबायचे लोखंडी साचे झाले, एकेक साचा हत्तीएवढा. आणि त्या साच्यांतून वर्षभरानं मी बाहेर पडले. पत्र्याची पहिली, फिकट पिवळी, गोल डोळ्यांची. मला पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मी अशी काही शिंकले, की शिपायाची टोपी उडून रंगखात्यात गेली. ती अजून सापडलेली नाही. खरंच सांगते!

पण मला काट्यावर चढवलं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. ठरल्यापेक्षा माझं वजन जास्त भरलं. साहेब ओरडले, "एवढा पत्रा आला कुठून?" मग माझे हाल सुरू झाले. एक वायपर काढला, डाव्या बाजूचा आरसा काढला, पुढच्या कप्प्याचं झाकण काढलं. तरी मी आपली जाडी ती जाडीच. शेवटी साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं, "शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही तर ही गाडी बंद. कामाला लावलेली सगळी माणसं दुसरीकडे, नाहीतर घरी."

आणि बुधवारी सकाळी, घरी न्याहारीला बसल्यावर, सासूबाई कुरकुरल्या, "त्या तुमच्या सुतारानं सीट ढकलून माझी पिशवी चेपली होती. हा बघा, थर्मासला अजून पोचा आहे."

काकांचा घास हातातच राहिला. त्यांनी पट्टी काढली. सासूबाईंना खुर्चीत बसवलं, पिशवी मांडीवर घ्यायला सांगितली आणि लांबूनच, अदबीनं, मोजलं. पिशवी गुडघ्यांच्या पुढे बरोबर चार बोटं येत होती. म्हणजे माझा सगळा देह चार बोटं जास्त लांब होता. वर पत्रा चार बोटं, खाली पत्रा चार बोटं, दोन्ही दारांना चार बोटं.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत काका माझ्या मागच्या सीटवर येऊन बसले. डबा उघडला नाही. माझ्याशी बोलत असल्यासारखं पुटपुटले, "सांगितलं तर माझी नोकरी जाईल. नाही सांगितलं तर तू जाशील." मी काय बोलणार? माझा हॉर्नसुद्धा अजून बसवलेला नव्हता.

शनिवारी सकाळी साहेब आले. एका हातात फाईल, दुसऱ्या हातात डबा, काखेत टोपी, दंडावर रेनकोट. सासूबाईही आल्या होत्या. "पिशवी माझी, तर बोलणीपण मीच खाते," असं म्हणून त्या हट्टानं आल्या आणि येऊन थेट माझ्या मागच्या सीटवर बसल्या, पिशवी मांडीवर. काका पुढे झाले. आवाज इतका बारीक, की साहेबांना वाकावं लागलं. "साहेब, चूक माझी आहे. मी गुडघे मोजले नाहीत. पिशवी मोजली."

साहेब लालबुंद! "चार बोटं? एका पिशवीसाठी? अरे पट्टी, लाखो गाड्या काढायच्या आहेत. प्रत्येकीत चार बोटं पत्रा फुकट घालवू? आणि साचे नवे करायला काय माझी जमीन विकू?"

"ओरडू नका," सासूबाई आतून म्हणाल्या. "आधी आत येऊन बसा बघू."

शाळा सोडल्यापासून साहेबांशी असं कुणी बोललं नव्हतं. सवयीनं ते निमूटपणे आत येऊन बसले.

"आता मांडीवर काय काय आहे ते बघा."

साहेबांनी खाली पाहिलं. फाईल, डबा, टोपी, रेनकोट. सगळं मांडीवर, आणि तरी गुडघे पुढच्या सीटला लागत नव्हते.

"रिकाम्या हातानं गाडीत बसतं कोण, साहेब? कुठंतरी जायचं असतं म्हणून तर माणूस बसतो. आणि जायचं म्हटलं की हातात काहीतरी असतंच."

साहेबांनी गुडघे आणि पुढची सीट यांच्यामध्ये हात घालून पाहिला. मग उतरता उतरता म्हणाले, "वजन दुसरीकडून काढा. चार बोटांना कुणी हात लावायचा नाही."

मागच्या काचा अर्ध्याच उतरतील अशा केल्या, गालिचे पातळ केले, आणि कसंबसं वजन बसलं. काकांची नोकरी राहिली. माझ्यासारख्या पोरी बावीस वर्षं त्या कारखान्यातून बाहेर पडत होत्या. पिवळ्या, निळ्या, टोमॅटोसारख्या लाल. लोक म्हणायचे, बाहेरून एवढीशी, आतून केवढी! का ते कुणाला कळायचं नाही. कामगार मात्र त्या चार बोटांना 'सासूबाईंची जागा' म्हणायचे. "अरे, सासूबाईंच्या जागेत पाना पडलाय, काढ!"

चाचणीची गाडी म्हणून कारखान्यानं मला काकांनाच स्वस्तात देऊन टाकलं. मग काय दिवस होते! एकदा मी घर बदलताना एक शिलाई मशीन, अकरा माणसं आणि एक आजारी शेळी असं सगळं एकाच खेपेत नेलं. एकदा पूर आला तेव्हा नदी पोहून पार केली, पलीकडे जाऊन अंग झटकलं आणि शाळेची वेळ गाठली. काकांच्या मुलीला गाडी चालवायला मीच शिकवलं. काका नुसते शेजारी डोळे मिटून बसायचे.

मग नवे इंजिनिअर आले. हुशार होते. त्यांनी माझा नकाशा तपासला, म्हणाले, ही चार बोटं कशासाठी सोडलीत तेच कळत नाही. कापून टाकली. नवी गाडी दिसायला झोकदार झाली, पण लोक मागे बसायचे ते सामान हनुवटीला लावून. ती फार वर्षं चालली नाही. माझे साचे मात्र तोवर वितळवले होते.

त्याआधी, माझ्या जातीची शेवटची गाडी निघाली तेव्हा कामगारांनी ती चालू केलीच नाही. हातानं ढकलत फाटकापर्यंत नेली, अगदी सावकाश. काका तेव्हा निवृत्त झाले होते. ते माझ्या मागच्या सीटवर बसून ती जाताना बघत होते आणि मी उगीचच धूर सोडत होते.

आता काका नाहीत, सासूबाई तर केव्हाच गेल्या. मी काकांच्या नातीच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी असते. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूवर ताडपत्री टाकण्याआधी एकदा आत बसून बघा. ती जागा कुणीतरी, कुणासाठीतरी सोडलेली असते.

बरं, आता जाता जाता एक कबूल करते. शेळी खरी. नदी खरी. टोपी तर शंभर टक्के खरी. पण त्या शनिवारी सासूबाई बोलल्या, ते मात्र खरं नाही. त्या बिचाऱ्या ताज्या रंगाच्या वासानं गरगरून, तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. साहेबांना 'ओरडू नका, आत बसा' म्हणाले ते काका. रिकाम्या हातानं बसतं कोण, हेही काकाच म्हणाले, माझ्या दाराला घट्ट धरून. रंग अजून ओला होता, त्यांच्या बोटांचे ठसे तिथं आजही आहेत.

घरी गेल्यावर मात्र त्यांनी सांगितलं, "आई होत्या म्हणून गाडी वाचली." दोन दिवसांत सासूबाईंनाही ते खरं वाटायला लागलं, आठवड्यात सगळ्या गल्लीला. काका जन्मभर त्याला मान डोलावत राहिले, आणि मीही तेच सांगत आले. पण मी गाडी त्यांची. निदान मी तरी त्यांचं नाव घ्यायला हवं होतं. आज घेतलं.