गुढीला दिलेला पोल

आमच्या संचिताला डोंबिवलीशेजारच्या कोपर गावात 'बांबूवाली' म्हणतात. गेली अकरा वर्षं म्हणतात. ती पोल व्हॉल्ट खेळते, म्हणजे लांब लवचीक काठी घेऊन धावत येते, काठीचं टोक जमिनीतल्या खाचेत रोवते, काठी धनुष्यासारखी वाकते आणि सरळ होताना तिला वर फेकते, आणि ती आडव्या दांडीवरून पलीकडे गादीवर पडते. एवढं सगळं मी इतक्या जणांना समजावून सांगितलं आहे की छत्तीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत शिकवून घसा बसला नाही तेवढा आता बसला. ऐकून घेतात आणि विचारतात, "पण बाई, बांबू कशाला लागतो? नुसतं उडता येत नाही का?"

माझी ही नात आठवीत असताना तिला हा नाद लागला. तेव्हा गादी नव्हती. पोत्यांत पेंढा भरून त्यावर ती पडायची, आणि ती पोती मी शिवलेली आहेत. पेंढा धाकूच्या गोठ्यातून यायचा. धाकू माझा सगळ्यांत धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो तिसरीत होता आणि माझ्याच वर्गात होता. तेव्हा आमच्या मंडळींची मिठागरं चालू होती, सासरे पहाटे फावडं घेऊन खाडीकडे जायचे, आणि हा शाळा चुकवून त्यांच्या मागे पळायचा. मी कान धरून परत आणायचे. तेव्हाही तो माझं ऐकायचा नाही आणि आता एकसष्टाव्या वर्षीही ऐकत नाही. मिठागरं गेली, जागेवर इमारती आल्या, धाकू गावच्या उत्सव मंडळाचा अध्यक्ष झाला, पण कान तोच.

या अकरा वर्षांत संचिताला एकेचाळीस शाली मिळाल्या. प्रत्येक पदकानंतर मंडळ सत्कार करतं. शाल, नारळ, चौकात मोठा फलक, त्यात संचिताचा फोटो लहान आणि धाकूचा मोठा. गादी कोणी दिली नाही. मैदान ठाण्याला, माजिवड्याच्या पुढे. चार मीटरचे पोल गाडीच्या डब्यात मावत नाहीत, म्हणून टेम्पो. आधी शीळफाट्यावरून दोन दोन तास लागायचे, आता माणकोलीचा पूल झाल्यापासून बरं आहे. तरी आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी हवालदार टेम्पो थांबवून विचारतोच की हे पाइप कुठल्या साइटवर चाललेत.

यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिची निवड चाचणी होती. तीन मीटर ऐंशी गेली तर राष्ट्रीय शिबिर, नाही तर नाही. ती चोवीस वर्षांची आहे. तिचं सगळ्यांत चांगलं तीन सत्तर. तिचे हितेश सर म्हणाले होते की जुना पोल तिला आता मऊ पडतो, जास्त वाकतो आणि वर फेकत नाही. जरा कडक हवा. तो कडक पोल परदेशातून यायला आठ महिने लागले. आला तेव्हा संचिताने तो दिवाणखान्यात आडवा ठेवला आणि आम्ही सगळे त्याच्या भोवती बसलो, जणू बाळंतीण घरी आली. तिने मला शंभरदा बजावलं होतं: आजी, फरशीवर टेकवायचा नाही, दगडाला लागू द्यायचा नाही, याला एक बारीक ओरखडा गेला ना, तरी वाकताना तिथूनच तुटतो. आणि तुटतो तेव्हा माणूस हवेत असतो.

मग पाडवा आला. डोंबिवलीत पाडव्याला स्वागतयात्रा निघते, गावोगावची मंडळं चित्ररथ काढतात, आणि यंदा आमच्या मंडळाचा विषय होता 'आमच्या लेकी'. सकाळी सात वाजता धाकू धोतर नेसून दारात. संचिता पळायला गेली होती.

त्याचं म्हणणं असं की रथावर गुढी उभारायची, आणि साध्या बांबूची कशाला, आपल्या पोरीच्या पोलची उभारू. सगळी डोंबिवली बघेल. मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला ते आवडलं, हे खरं आहे. एकेचाळीस शालींत पहिल्यांदा कोणाला तरी त्या काठीचं महत्त्व कळलं असं मला वाटलं. जिन्याखालच्या लांब खोलीत पोल असतात, तिथली चावी मी दिली. नवा उंच आणि झळझळीत म्हणून तोच काढला. त्याला हळदकुंकू मी लावलं, माझं जांभळं खणाचं कापड मी बांधलं, कडुलिंब आणि साखरेची गाठी मी अडकवली. धाकूला म्हटलं, सुती कापडाने गुंडाळून बांध, लोखंड लावू नकोस. तो म्हणाला, "होय बाई." तिसरीत म्हणायचा तसंच.

रथ म्हणजे ट्रक. खड्ड्यांत गुढी डोलायला लागली, कलश खाली येईल अशी भीती वाटली, म्हणून धाकूने वाटेत ट्रक थांबवून मधोमध दोन लोखंडी पट्ट्या लावल्या आणि पान्याने आवळल्या. दुपारी पोल परत आला तेव्हा बरोबर मध्ये, जिथे तो सगळ्यांत जास्त वाकतो तिथे, दोन वळ होते. हितेश सर संध्याकाळी आले. त्यांनी वळावरून नख फिरवलं, नख अडकलं. ते म्हणाले, हा आता भिंतीवर लावा. जुन्याने उडायचं.

धाकूला विचारलं तर तो म्हणाला, "वयनी, गुढी पडली असती रस्त्यात. पाडव्याला गुढी पडणं चांगलं का?"

घरात सगळे त्यालाच बोलले. त्याने न विचारता चावी घेतली असंच सगळ्यांनी धरलं होतं. धाकूने माझं नाव घेतलं नाही, आणि मीही गप्प बसले.

चाचणीच्या दिवशी मी हट्टाने टेम्पोत पुढे बसले. मैदानावर पोल गवतावर ठेवले होते. म्हातारी म्हणून मला कुंपणाच्या आत खुर्ची दिली होती. तिथून मी बघत होते आणि मला कळेना की पोलची मोळी इतकी जाड कशी. मग दिसलं. कडक पोल आणला होता, आणि मधोमध, जिथे हात कधी जात नाही तिथे, पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. हितेश सर पलीकडे प्रशिक्षकांच्या कठड्यामागे होते. त्यांना तिथून दिसणं शक्य नव्हतं.

तीन साठ ती सहज गेली. तीन सत्तर दुसऱ्या खेपेला. तीन ऐंशीला जुना पोल इतका वाकला की ती दांडीखालूनच गेली. दुसऱ्यांदा दांडीवर आदळली. तीनच संधी असतात. ती मोळीकडे यायला लागली. माझ्याकडे न बघता येत होती, त्यावरून मला कळलं.

माझे गुडघे असे आहेत की मी जमिनीवर बसले तर उठवायला दोन माणसं लागतात. मी खुर्चीतून उठले, चार पावलं गेले, आणि त्या कडक पोलवर बसले.

"आजी, ऊठ."

"नाही उठत."

"माझ्या उडीचं मिनिट चालू झालंय. ऊठ ना गं."

"त्या पट्टीखाली काय आहे ते मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे. पंधरा दिवस जुन्यावर करून बघितलं, नाही जात ऐंशी. तुला कळतंय का, हे गेलं की संपलं?"

पांढरी टोपी घातलेले एक पंच धावत आले. आजी, इथे बसता येणार नाही, बाहेर व्हा, असं ते मला दोनदा म्हणाले. मी त्यांना म्हटलं, उठवा. त्यांनी एक हात धरून पाहिलं आणि दुसरं माणूस शोधायला लागले. संचिता घड्याळाकडे बघत होती. मग तिने जुना पोल उचलला आणि पळत गेली.

खरं सांगते, मला वाटलं जाईल. पाय वर गेले, कंबर गेली, ती वरून पलीकडे वळली, आणि छातीने दांडीला अगदी हलका स्पर्श केला. दांडी थरथरत राहिली आणि पडली.

घरी धाकू वाट बघत होता. सगळं ऐकल्यावर तो मला म्हणाला की तुम्ही पोरीचा घात केलात, देवाच्या नावाने उभी केलेली काठी, ती मोडते का कधी. रतन, माझा मुलगा, संचिताचा बाप, तोही म्हणाला की आई, निदान एक उडी मारू द्यायची होतीस. वरच्या मजल्यावरच्या रमाबाई विचारायला आल्या की बांबू मोडलाच नाही तर मग झालं काय. एक जण आला नाही जो म्हणाला की बरं केलंत. काठी मोडून पोर पडली असती तर सगळे सांत्वनाला माझ्याकडे आले असते. मोडली नाही, म्हणून मी गुन्हेगार.

चार दिवस संचिता माझ्याशी बोलली नाही. जेवायचं ताट पुढे ठेवलं की घ्यायची, एवढंच. पाचव्या दिवशी मी भाजी निवडत होते, ती समोर येऊन बसली.

"तुटला असता का गं?"

"मला नाही माहीत."

"मलाही नाही. पण ते मी ठरवायचं होतं, आजी. पडले असते तर मी पडले असते."

"हो. तू ठरवायचं होतं," मी म्हटलं. "आणि मी पुन्हा तशीच बसेन. ते बदलणार नाही. पण तुला एक सांगायचंय. पाडव्याला चावी धाकूने घेतली नाही. मी दिली. खणही मीच बांधला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं उठून जाईल. शाळेत मी मुलांना सांगायचे, खरं बोललं की हलकं वाटतं. काही हलकं वाटलं नाही. मेथीच्या काड्या तेवढ्या मोडत बसले.

"तरीच," ती म्हणाली. "धाकूआजोबाला खण आवडत नाही." मग बराच वेळ तीही मेथी निवडत बसली, वाईट निवडत होती, पानांबरोबर देठं टाकत होती आणि मी ती वेचून काढत होते.

शेवटी उठताना म्हणाली, "ऑक्टोबरमध्ये परत चाचणी आहे. सर म्हणतात, तोवर धाव वाढवली तर जुन्यावर होईल कदाचित. उद्या पाचला टेम्पो सांगितलाय."

मी मान हलवली.

"येणार असशील तर ये. पण कुंपणाच्या बाहेर बसायचं. खुर्चीवर."

"बरं," मी म्हटलं.