बोर्दोसोबत मुंग्या मिळणार नाहीत

सोमारी मडावी मूळची एटापल्लीकडची. लग्न होऊन चंद्रपूर जिल्ह्यात आली आणि सहा वर्षांपासून ताडोबाच्या जंगलालगत एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाक करत होती. तिच्या हाताला चव आहे हे सगळेच मानत, पण मेनू ठरवायचा मॅनेजर पवन.

ऑक्टोबरात जंगल पर्यटकांना उघडलं त्या आठवड्यात बारा पाहुण्यांचं खास जेवण ठरलं. फ्रान्समधल्या बोर्दोची रेड वाइन आणि जोडीला 'जंगलातले पदार्थ'. वाइनची जाणकार म्हणून मुंबईहून निशा आली होती. तिने छापून आणलेल्या कार्डांवर मटणाच्या खाली ठळक अक्षरांत होतं : लाल मुंग्यांची चटणी.

"आधी मले ते वाइन चाखू द्या," सोमारी म्हणाली.

पवन हसला. "बाई, मोहाची नाई ते. फ्रान्सची हाये."

"म्हणूनच म्हणून राह्यली. मोहाची तर मले ठाऊकच हाये."

निशाने पेल्यात थोडी ओतली. सोमारीने वास घेतला, घोट तोंडात धरला आणि गिळला. गाल आतून आवळले.

"जांभळाच्या सालीवानी. मागून ओल्या लाकडाचा वास. अन् तुरट, कच्च्या टेंभरासारखी."

निशा चमकली. "अगदी बरोबर. म्हणूनच सोबत मटण. चरबीने तो तुरटपणा मऊ होतो."

"मंग चटणी काऊन?"

"पाहुण्यांना हवी आहे. फोटोसाठी."

सोमारीने घरून आणलेल्या डब्यातली चटणी काढून निशाच्या बोटावर ठेवली. "खा, अन् वरून प्या."

निशाने तसं केलं आणि तोंड वाकडं करत नळाकडे धावली. मिरचीने वाइन कडू करून टाकली होती आणि मुंग्यांच्या आंबटपणापुढे तिची फळाची चव पार उडाली होती.

"चटणी वाईट नाई, वाइन बी वाईट नाई," सोमारी म्हणाली. "दोघींचं पटत नाई."

"चव कोण पाह्यते?" पवन चिडला. "लोकं मुंग्यांसाठी येऊन राह्यले. ताटात घाला."

"नाई घालत."

"मंग उद्यापासून येऊ नका."

"नाई येत. पण आजचं ताट माह्या हातचं हाये. माह्या मायनं शिकवलेली चटणी मी तमाशासाठी वाढत नाई." तिने डबा बंद करून आपल्या पिशवीत घातला.

मग ती कामाला लागली. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्या, म्हणजे जंगली अळिंबी, तिने वाळवून ठेवल्या होत्या. त्या भिजवल्या, चरबीच्या मटणात घातल्या. लसूण भरपूर, मिरे जरासे, मिरची नावालाच. मंद आचेवर रस दाट होईपर्यंत ती चुलीपासून हलली नाही. निशा बाजूला बसून बाराही कार्डांवरची ती ओळ पेनाने खोडत होती.

जेवायला बसल्या बसल्या एका पाहुण्याने विचारलं, "मुंग्या कुठे आहेत?"

पवन माफी मागू लागला, तेवढ्यात हात पुसत सोमारी बाहेर आली.

"मीच नाई ठेवल्या. मटण खा, मंग घोट घ्या. नाई पटलं तर मले सांगा."

"मी मुंग्यांचे पैसे दिलेत."

"मंग पैसे वापस मागा. चटणी भेटणार नाई."

तो पेला तसाच सोडून उठून गेला. मग एका बाईंनी घास खाल्ला, घोट घेतला आणि निशाकडे पाहिलं. "मघाशी नुसती घेतली तेव्हा जीभ ओढली जात होती. आता गोल लागतेय."

"हे मला नाही, यांना आधी कळलं," निशा म्हणाली.

मटणाचं पातेलं रिकामं झालं. भांडी आवरून सोमारीने पिशवी खांद्याला लावली, तेव्हा पवन दारात आला.

"उद्या पोहे कोण करन?"

"तुमीच म्हटलं, येऊ नका."

"म्हटलं होतं."

"मंग आता दुसरं म्हणा."

त्याने घासून ठेवलेल्या पातेल्याकडे पाहिलं. ती उभी राहिली, एक पाऊलही मागेपुढे न करता.

"या," तो शेवटी म्हणाला.

"येईन. अन् कार्ड छापाच्या आधी मले विचाराचं."