उघाडी बंद असताना

माझा नकाशा देखणा होता, हे मी आजही सांगते. पुढच्या तीस वर्षांत पनवेलवर पाऊस कसा पडेल, याचं हवामान-मॉडेलचं गणित मी इथल्या पर्जन्यमापकांच्या नोंदींशी ताडून पार गल्लीबोळापर्यंत उतरवलं होतं. दोन वर्षं मी त्यावर खपले होते, जास्त पावसाच्या जागा लाल रंगात दाखवल्या होत्या. आणि कमलाकर साहेबांनी तो पाहून काय विचारावं? "अनुया मॅडम, लाल रंगाचा नाला कसा खणायचा असतो?"

माझं डोकंच फिरलं. कमलाकर साहेब म्हणजे महापालिकेतले नाल्यांच्या कामाचे अभियंते, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. खाडीकाठच्या चाळीस घरांच्या वस्तीत दर पावसाळ्यात पाणी शिरतं. तिथल्या नव्या नाल्याचा आराखडा शुक्रवारी त्यांच्या सहीने जायचा होता. एकदा गेला की पुढची पंचवीस वर्षं तिकडे कुणी ढुंकून बघणार नाही. आणि या गृहस्थांना थट्टा सुचत होती!

"किती रुंद, किती खोल, एवढं सांगा. बाकीचं तुमच्या प्रबंधात ठेवा," ते म्हणाले.

मग मीही ठणकावलं. चोवीस तासांत पडू शकणारा सगळ्यात मोठा पाऊस वाहून न्यायला नाला आताच्या दीडपट रुंद हवा. आकडा पाहिजे ना, घ्या आकडा. साहेबांनी तो पेन्सिलीने लिहून घेतला आणि स्कूटरची किल्ली उचलली. "चला, जागेवर बघू."

जागेवर भामाताई भेटल्या. नाला खाडीला मिळतो तिथे उघाडी आहे, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीला ते मिटतं आणि खारं पाणी आत येऊ देत नाही, ओहोटीला आपोआप उघडतं. झडपांत अडकलेला गाळ नि प्लास्टिक भामाताई काढतात, आधी त्यांच्या सासूबाई काढायच्या. वस्तीतलं पहिलं घर त्यांचंच. मी त्यांना दीडपट नाल्याची बातमी अगदी ऐटीत दिली.

"बाय, नाला मोटा केलास तर चांगलंच हाय," त्या म्हणाल्या. "पन भरतीला दार बंद असतं. तवा पानी जानार कुटं? मोट्या नाल्यातून माज्या घरात येनार, दुसरं काय!"

हे माझ्या गणितात नव्हतंच. दिवसभराचा पाऊस मी चोवीस तासांवर सारखा वाटून टाकला होता, जणू दार सदा उघडंच. घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर ही उघाडी, आणि दोन वर्षांत मी एकदाही ती बघायला आले नव्हते. लाज वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

"दार कधी बंद होणार, ते तुम्हाला कसं कळतं?"

"तिथीची पाऊनपट करायची. आज चतुर्थी, मंजे तीनला भरती. अष्टमीला सा. त्याच्या मागंपुढं अडीच-अडीच तास दार बंद. यात काय नाय कळण्यासारखं?"

दोन दिवस मी खुर्चीतून हलले नाही. रोजच्या पावसाऐवजी तासातासाचा पाऊस काढला आणि तो भामाताईंच्या भरतीवर बसवला. हाती आला एक साधा कागद. पंधरा तिथींच्या पंधरा ओळी, दार किती ते किती बंद, आणि तेवढ्यात मोठा पाऊस झाला तर आत किती पाणी तुंबेल. रंग एकही नाही. तळाशी उत्तर लिहिलं होतं: नाला आहे तेवढा पुरे, पण ओहोटी लागेपर्यंत पाणी धरून ठेवायला पाऊण एकराचं, दीड मीटर खोल तळं हवं. या वेळी मला माझ्या आकड्याची खात्री होती.

शुक्रवारी सकाळी साहेबांना पुन्हा उघाडीवरच बोलावलं. त्यांनी ओळीओळीवर बोट ठेवत कागद दोनदा वाचला. थट्टा केली नाही.

"हे वापरता येईल," ते म्हणाले. "तळं कुठे?"

मी वस्तीमागचं मैदान दाखवलं. सगळ्यात सखल जागा तीच होती.

भामाताई हसल्या. "तितंच तर तलाव व्हता! मी लगीन होऊन आले तवा कपडे धुवायचे त्यात. मंग कोनी तरी भराव टाकला."

साहेबांनी चष्मा काढला. "मी टाकला. नोकरीतलं माझं पहिलं काम. डासांच्या तक्रारी होत्या, पोरांना मैदान हवं होतं. लोकांनी हार घातला होता मला."

त्यांनी नुसता रुंद नाला सही करून पाठवला असता तरी कुणी जाब विचारणार नव्हतं.

"तेव्हापासून पाणी येतं घरात?" त्यांनी विचारलं.

"तवापासूनच, सायेब."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमी कवा विचारलंत?"

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. आराखडा स्कूटरच्या सीटवर पसरून त्यांनी नाल्याची नवी रुंदी खोडली, मैदानावर तळं आखलं, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, "येथे पूर्वी तळे होते. मी टाकलेला भराव चुकीचा होता." खाली पूर्ण नाव घालून सही केली.

मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. "साहेब, तळं पुरेसं आहे. चुकीचं वगैरे लिहायलाच हवं का?"

"हवं," ते म्हणाले. "नाहीतर माझ्या खुर्चीत येणारा पुन्हा बुजवेल."