हँडलात आलेली देवी

"आली, आली! देवी हँडलात आली!"

कंग्राळीच्या देवळापुढं एकच गलका उठला. ओंडक्यावर चढवलेली मोटारसायकल धडधडत होती. पुढचं चाक अधांतरी होतं आणि लिंबाफुलांनी मढवलेलं हँडल थडथडत डावीउजवीकडं हेलकावत होतं. त्यावर एक हात ठेवून भरमा भगत डोळे मिटून उभा होता.

"बोल आई! यमनाप्पाला तूच नेलंस?"

हँडल हललं.

"त्याच्या बायकोनं खंडेनवमीला माग चालवला म्हणून?"

हँडल आणखी जोरात हललं. लोकांनी हात जोडले. या देवीला उत्तर द्यायला पेट्रोल लागतं, हे कुणालाच खटकलं नाही.

गर्दीच्या मागं नागोजी उभा होता. शहापुरात त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तो देवीकडं बघत नव्हता. चाकाचा चिमटा जिथं गाडीला जोडलेला असतो, त्या मानेकडं बघत होता.

पुढं सत्यवती खाली मान घालून उभी होती, आठ वर्षांच्या लेकीचा, जयवंताचा, हात धरून. नवराबायको दोघंही विणकर. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली ही गाडी यमनाप्पानं घेतली होती, निपाणीला साड्या पोचवायला. खंडेनवमीला हत्यारं आणि माग पुजून बंद ठेवतात; पण त्या दिवशी एका लग्नाची साडी वीतभर राहिली होती. सत्यवतीनं ती सकाळी विणून पुरी केली, यमनाप्पा ती घेऊन निघाला आणि कंग्राळीच्या उतारावर दगडावर आपटून गेला. त्याला महिना झाला होता.

"आई पोरगी मागती," भरमा म्हणाला. "येत्या पुनवंला हिच्या गळ्यात मणी बांधून देवीला सोडायची. खरं का आई?"

हँडल हललं.

"सोडते," सत्यवती पुटपुटली. "चूक माझीच हाय."

जयवंतानं तिचा पदर ओढला. "आये, घरला कवा जायचं?"

महिनाभर गप्प राहिलेल्या नागोजीला आता राहवेना. तो गर्दीतून पुढं आला.

"थांब सत्यवती. पोरीला सोडू नको."

"अण्णा, लांब ऱ्हावा!" भरमा ओरडला. "आईच्या अंगाला लोखंड लावायचं न्हाय!"

"तिचं अंगच लोखंडाचं हाय की रं," नागोजी म्हणाला. कुणीतरी फिस्सकन हसलं.

त्यानं खिशातून पाना काढला आणि मानेवरची चाकी, म्हणजे नट, घट्ट आवळली.

"हं, आता विचार."

भरमानं विचारलं. इंजिन भडकलं, धूर ओकू लागलं, हँडल ढिम्म. "आईला राग आलाय!" तो म्हणाला.

"मग घालवतो की राग." नागोजीनं चाकी दोन फेरे सैल केली. हँडल पुन्हा थडथडू लागलं. "पान्यानं जाती आन् पान्यानं येती, ती देवी कसली? ह्याचा अंगठा बघा. ही बारकी दांडी सरकवली की इंजिनाचा ठोका बदलतो आन् सैल मान हलती."

त्यानं इंजिन बंद केलं, जयवंताला जवळ बोलावलं आणि तिचा हात चिमट्यावर ठेवला.

"हे बघ बाळ. ह्या चिमट्यात ही स्प्रिंग. लष्करात हिच्या बाजूला गाडा जोडलेला, त्यात दोन जवान. म्हणून स्प्रिंग कडक. तुजा बा काडीसारखा. त्याच्या वजनानं ती दबायचीच न्हाय. मग खड्ड्यात स्प्रिंगच्या जागी चाकच उडतंय. त्यात मान सैल. हँडल हातातनं सुटलं, आन् तो पडला. कुणाच्या मागामुळं न्हवं, बाळ."

सत्यवतीनं मान वर केली. "हे तुमाला कवा कळलं, अण्णा?"

नागोजीनं पाना खाली ठेवला.

"त्याच दिवशी सकाळी. दुकानात आलता. म्हणाला, अण्णा, हँडल हातात ऱ्हात न्हाय. त्याच्या वजनाची मऊ स्प्रिंग मी काढून ठेवलीवती. पर हत्यारं पुजंत मांडलेली. त्या दिवशी पाटावरचा पाना उचलायचा न्हाय, म्हणून म्हणालो, उद्या ये."

"मान आवळायला किती येळ लागला असता?"

"आत्ता लागला तेवढाच."

भरमा हँडलावरची लिंबं गोळा करू लागला. सत्यवती बराच वेळ त्या पान्याकडं बघत राहिली. मग "चल घरला," असं पोरीला म्हणून ती निघून गेली. नागोजीकडं तिनं वळून पाहिलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला नागोजीच्या पाटावर झेंडूच्या फुलांत सगळी हत्यारं होती. एक पाना मात्र खुंटीला टांगलेला होता.

"तो ऱ्हायला की पुजायचा," शेजारचा परशराम म्हणाला.

"तो कामाचा हाय. पूजा करा, फुलं वाहा, माजी ना न्हाय. पर यंत्र हललं तर ते का हलतंय ते आधी बघा. भगताला इचारू नका. आन् दारात कुणी आला तर त्याला उद्या ये म्हणू नका."

पाटावरच्या मऊ स्प्रिंगला गेल्या सालचं कुंकू अजून चिकटलेलं होतं. गल्लीच्या टोकाला सत्यवतीचा माग चालू होता. नागोजी तो आवाज ऐकत बसला.