खांद्यावरची वाकडी शिवण

तिसरीच्या वर्गातला बाक इतका बुटका होता, की आजींचे गुडघे हनुवटीला टेकायचे तेवढे राहिले होते. तरी त्या ताठ बसल्या. शाळा दुसरीत सुटली म्हणून शाळेत येऊन वाकून बसायचं की काय?

महिन्यातून एकदा घरच्यांनी येऊन मुलांचं वाचन ऐकावं, अशी वर्गाच्या बाईंची पद्धत होती. आजी कधी यायच्या नाहीत. घरात दोन मशिनी, गणवेशांचे गठ्ठे दारापर्यंत. सुईत धागा ओवायचा की असले कौतुकसोहळे बघायचे? आज मात्र मशीनचा पट्टा तुटला आणि त्या न सांगता आल्या. दारात त्यांना पाहून नातीचा चेहरा उतरला. लाजली असेल पोर, असं आजींना वाटलं.

बाईंनी आधी एक गोष्ट वाचून दाखवली. एकटा राहणारा म्हातारा नावाडी रोज संध्याकाळी दोन कप मांडतो, एवढीच. मग प्रश्न: दोन का? एक मुलगा म्हणाला, एक फुटला तर असावा म्हणून. पोरं खिदळली, आजीही हसल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. कशावरून, असं विचारलं. या वर्गात उत्तराला किंमत नव्हती, ‘कशावरून’ला होती. आजींच्या वेळी गुरुजी प्रश्न विचारायचे ते छडीनं, आणि उत्तर द्यायचं ते तळहातानं.

नंतर वह्या निघाल्या. कालचा विषय फळ्यावर तसाच होता: कुणी न सांगता तुम्हाला कळलेली एक गोष्ट. कशावरून कळली? एकानं वाचलं, की माझ्या बाबांना पोहता येत नाही. कशावरून, तर नदीवर गेलो की टॉवेल सांभाळायला तेच थांबतात. मागच्या बाकावरचे बाबा खिडकीबाहेर बघायला लागले.

नातीची पाळी आली तशी बाईंनी तिची वही उचलली, दोन ओळी चाळल्या आणि घाईनं मिटली. हिचं आपण सोमवारी वाचू, म्हणाल्या. नातही चटकन खाली बसली.

इथंच आजींचं डोकं फिरलं. बाकीच्यांची पोरं पोपटासारखी वाचणार आणि आमचीच तेवढी मुकी? आई जवळ नाही म्हणून पोरीला मागं ठेवतात, असंच त्यांना वाटलं.

आई जवळ नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. का नाही, हेही ठाऊक होतं. फक्त पोरीला नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी सून दूरच्या मोठ्या इस्पितळात गेली ती गेलीच. मुलगा तिकडून एकटाच परत आला, उंबऱ्यातच बसला आणि म्हणाला, ‘आई, तूच सांग तिला. माझ्यानं नाही व्हायचं.’ मग तो बोटीवरच्या कामाला निघून गेला. आजींनी शेजारच्यांना, दुकानदाराला, या बाईंनासुद्धा बजावलं, की कुणी तोंड उघडाल तर गाठ माझ्याशी आहे. तेव्हापासून रोज दुपारी नात शाळेतून आली की त्या सांगायच्या, आत्ताच तुझ्या आईचा फोन येऊन गेला, थोडक्यात चुकामूक झाली बघ. सांगू, परीक्षा झाली की सांगू. परीक्षा होऊन गेली होती.

‘वाचू दे तिला, बाई,’ आजी म्हणाल्या. ‘आणि तू गं, मान वर कर. मोठ्यानं वाच. मागं ऐकू आलं पाहिजे.’

बाईंनी नको म्हणून पाहिलं. नातीनंही पाहिलं. पण आजींचा शब्द मोडायची त्या घरात रीत नव्हती. ती उभी राहिली.

‘माझी आई आता घरी येणार नाही, हे मला कळलं. कुणी सांगितलं नाही. कशावरून? आई जे शिवायची ते आजी रोज उसवायची आणि परत शिवायची. म्हणायची, ही शिवण आहे की सापाची वाट. जायच्या आदल्या दिवशी आईनं माझ्या गणवेशाचा खांदा शिवला. तो वाकडा आहे. आजीनं तो उसवला नाही. धुताना तिथं ब्रश लावत नाही. आता आजी आईला नावं पण ठेवत नाही. मला कळलंय हे मी आजीला सांगितलं नाही. फोन आला होता असं सांगताना तिला बरं वाटतं.’

वही मिटली. वर्गाचा नियम असा, की प्रत्येकाचं वाचून झालं की कुणीतरी एक प्रश्न विचारायचा. बाईंना थांबवायचं सुचण्याआधीच पहिल्या बाकावरची एक चिमुरडी आजींकडे वळली आणि तिनं विचारलं, का नाही उसवला?

ज्यांची जीभ जन्मभर कात्रीसारखी चालली, त्या आजींनी पदराचं टोक नीट केलं. मग म्हणाल्या, ‘वेळ नाही मिळाला, बाळा.’

कुणी ‘कशावरून’ म्हणालं नाही.

शाळा सुटल्यावर दोघी रस्त्याच्या कडेनं चालत राहिल्या. दुकानदारानं हाक मारली, आजींना ऐकू आली नाही. वळणावर नातीनं हळूच विचारलं, ‘आजी, रागावलीस?’

आजींनी तिचं दप्तर काढून आपल्या खांद्याला लावलं.

‘तुझ्या आईला ना,’ त्या म्हणाल्या, ‘साधं बटण लावता यायचं नाही. पांढऱ्या सदऱ्याला निळा धागा. वर मलाच म्हणायची, तेवढंच उठून दिसतं.’

‘आणखी?’

‘आणखी काय? कात्री कधी जागेवर ठेवली नाही. गाणं म्हणायची मशीनवर, एक ओळ धड यायची नाही. दूध उतू गेलं की मांजराला शिव्या. घरात मांजर कुठलं?’

‘आणखी सांग ना.’

आजी सांगत राहिल्या. घर आलं, मागं गेलं, तरी त्या थांबल्या नाहीत. गल्लीला एक वळसा घातला, मग दुसरा. त्यांचा हात नातीच्या खांद्यावर होता, आणि अंगठा त्या वाकड्या शिवणीवरून टाका टाका चाचपत पुढं जात होता.